भट्टीवाला देव, मुक्काम मुरगूड

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी मी घरात अजून ओरडूनच बोलतो. जन्म फौंड्रीत गेला. तिथं ब्लोअर, क्रेन आणि हातोडे यांच्यावर आवाज चढवला नाही, तर माणूस मुका ठरतो. बायको म्हणते, "अहो, मी भट्टीच्या पलीकडं उभी नाही, समोर बसलेय." तिचं बरोबर आहे, पण गळ्याला कोण समजावणार? हे लिहितानाही मी मनातल्या मनात ओरडतोच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना चप्पल आठवते, गूळ आठवतो, रस्सा आठवतो. लोखंड कुणालाही आठवत नाही, याचा मला जरा राग आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं, मोटारीचं, विहिरीवरच्या पंपाचं जे जडशीळ अंग असतं, ते कुणीतरी कुठंतरी ओतलेलं असतं, आणि ते 'कुठंतरी' बऱ्याचदा आमच्या औद्योगिक वसाहतीत असतं. काम ऐकायला सोपं आहे. वाळूत हव्या त्या वस्तूचा ठसा उमटवायचा, लोखंड वितळवून त्या पोकळीत ओतायचं, गार झालं की वाळू झाडायची. वितळलेल्या लोखंडाला आम्ही 'रस' म्हणतो. उसाच्या मुलखात 'रस तयार हाय' अशी हाक ऐकून परगावचे पाहुणे पेला घेऊन पुढं आलेले मी पाहिलेत.

गिऱ्हाइकंही एकेक नग. शिरोळचा एक शेतकरी जुन्या इंजिनाचा तुटलेला तुकडा शालीत गुंडाळून घेऊन आला होता. वडिलांच्या हातचं इंजिन होतं. "असाच द्या, पर तुटल्याली खूण बी तशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाला. आता तुटल्याची खूण कशी ओतायची? एका देवळाच्या कमिटीला घंटा हवी होती, आणि अट एकच, आवाज शेजारच्या गावात गेला पाहिजे आणि शेजारच्या घंटेचा आपल्यात येता कामा नये. असले नमुने सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. मला एका देवाबद्दल लिहायचं आहे, आणि तो आपल्याकडचा नाही.

आधी बाळू लोहाराची ओळख करून देतो. बाळू आमचा भट्टीवाला, मुरगूडचा. मी, माळी, भट्टीवरचा सुपरवायझर. आम्ही दोघांनी जेवढा वेळ एकमेकांच्या शेजारी काढला, तेवढा आपापल्या बायकांच्या शेजारीही काढला नसेल. एका पावसाळ्यात भंगारातून ओल आत गेली. रसाला पाणी अजिबात सोसत नाही. थेंबाची क्षणात वाफ होते आणि वर येताना ती रस घेऊनच उडते. त्यातला एक गोळा बाळूच्या बुटात शिरला. बूट कापून काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. पाय राहिला, पण घोट्यापासून आत वळला. बाळू बरा होऊन पुन्हा भट्टीवर उभा राहिला, फक्त चालताना एका बाजूला झुकायला लागला.

कारखाना आक्कांचा. नवरा-बायकोनं मिळून कोळशाच्या भट्टीपासून सुरुवात केली. त्या काळात आक्का स्वतः डोक्यावरून कोळसा वाहत. नवरा गेल्यावर सगळं त्यांनी एकटीनं ओढलं. गुडघे गेले, तरी रोज कारखान्यात यायच्या आणि आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो. 

तर या कारखान्यात एकदा ग्रीसहून पाहुणा आला. नाव स्टाव्रोस. जहाजावरच्या पंपांची कास्टिंग आमच्याकडून घ्यायची का, हे ठरवायला आला होता. ज्या गावाला समुद्र नाही, त्या गावात जहाजाचे भाग ओततात, याची त्याला गंमत वाटत होती. त्याचा बापही बंदरावरच्या फौंड्रीत ओतारी होता. इंग्रजी आमच्यासारखंच, तोडकंमोडकं. त्यामुळं आमचं उत्तम जमलं. दुभाष्या मीच.

त्यानं बाळूला पहिल्यांदा पाहिलं ते भट्टीसमोर. बाळू हातात लांब सळई घेऊन रसावरची मळी काढत होता. रसाचा नारिंगी उजेड अंगावर, आणि अंग एका बाजूला झुकलेलं. पाहुणा थबकला. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. तसं करायला मनाई आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसलो. आपण देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर बघतो ना, तसं तो बघत होता.

"काय म्हनत्यात पावणं?" बाळूनं विचारलं.

पाहुण्यानं खडूनं खांबावर इंग्रजीत एक नाव लिहिलं. तो उच्चार काहीतरी वेगळाच करत होता. मी आपला अक्षरं जुळवून वाचलं, "हेफायस्टस."

"हे पाय काय?" बाळू म्हणाला.

मी पाहुण्याकडून अर्थ समजून घेतला आणि सांगितलं, "देव आहे त्यांचा. भट्टीचा देव. सगळे लोहार, ओतारी त्याची लेकरं. आणि बाळू, तो लंगडा आहे."

बाळूनं सळई खाली ठेवली. मग स्वतःच्या बुटाकडं बघितलं. "आता कळलं. त्येच्या नावातच पाय हाय की वं. हेपाय!"

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात त्या देवाचं नाव हेपाय पडलं ते पडलंच. पाहुण्याला मी हा विनोद समजावून सांगितला तेव्हा तो पोट धरून हसला.

रविवारी पाहुण्याला काय दाखवायचं म्हणून मी आणि बाळू त्याला वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत खणताना सापडलेली एक कांस्याची मूर्ती तिथं आहे, हे मला शाळेपासून माहीत होतं. वीतभरही नाही. एक पुरुष, एक हात उंचावलेला, हातात काही नाही. त्यांचा समुद्राचा देव. उंचावलेल्या हातात त्रिशूळ होता म्हणे. दोन हजार वर्षांपूर्वी जहाजात बसून तो आपल्या किनाऱ्याला लागला, घाट चढून पंचगंगेच्या काठी आला आणि मातीत गेला. लहानपणी सहलीत मी त्याच्यासमोरून शेंगा खात गेलो होतो.

पाहुणा काचेसमोर उभा राहिला. डोळे पुसले, पुन्हा बघायला लागला. त्याच्या गावाहून इतक्या लांब, उसाच्या मुलखात, त्याचा देव उभा होता. बाळू मात्र खाली वाकून मूर्तीच्या पायाशी बघत होता. "सायेब, रस कुठनं सोडला आसंल वं?" तो हळूच म्हणाला. "येवढीशी बोटं, त्यात रस गोठायच्या आत पोचला कसा?"

मी ते भाषांतर करून सांगितलं. पाहुणा म्हणाला, "हा समुद्राचा देव मोठा, सगळे त्याला घाबरतात. पण याला ओतला तो तुमच्या-माझ्या देवाच्या माणसानं."  इतकी वर्षं मी त्या मूर्तीत एक परदेशी देव बघत होतो. त्या दिवशी मला तिच्यामागं भट्टीसमोर घामाघूम झालेला एक ओतारी दिसला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याचं काम दोन हजार वर्षं उभं आहे. यापेक्षा मोठा चमत्कार मला तरी अजून भेटलेला नाही.

बाहेर पायरीवर चहा घेत पाहुण्यानं हेपायच्या गोष्टी सांगितल्या. त्यांचे देव डोंगरावर राहतात. आम्हाला जोतिबा असल्यामुळं हे समजावून घ्यायला काही कष्ट पडले नाहीत. देवांची घरं, रथ, हत्यारं, सगळं हेपायनं घडवलेलं. चालायला आधार हवा म्हणून त्यानं सोन्याच्या मुली घडवल्या, त्या बोलायच्या आणि हाताला धरून त्याला न्यायच्या. एका बेटाची राखण करायला त्यानं कांस्याचा राक्षस घडवला. त्याच्या अंगात मानेपासून टाचेपर्यंत एकच शीर, आणि टाचेला खिळा मारून ती बंद केलेली. खिळा उपसला की रस वाहून जाणार आणि राक्षस मरणार.

"म्हंजे भट्टीचं रस सोडायचं भोक की," बाळू म्हणाला. "आमी बी आसंच बुजवतो." देवांचे व्यवहार इतके ओळखीचे निघतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोची एक गोष्टही पाहुण्यानं सांगितली, पण हा अंक घरातले सगळे वाचतात.

"आन पाय कशानं गेला त्येचा?" बाळूनं विचारलं. त्याला खरं ऐकायचं होतं ते हेच.

आईबापांचं भांडण चाललं होतं. हेपाय आईच्या बाजूनं मधे पडला. बाप देवांचा राजा. त्यानं लेकाचा पाय धरून त्याला डोंगरावरून भिरकावलं. दिवसभर तो आभाळातून पडतच होता. सूर्य मावळताना लेम्नोस नावाच्या बेटावर आदळला. तिथल्या माणसांनी त्याला जगवलं. पाय अधू झाला. मग तिथंच त्यानं भट्टी लावली.

"दिसभर पडत हुता," बाळू स्वतःशीच म्हणाला. त्यानं चहा तसाच ठेवला होता.

"पण अशीही एक गोष्ट सांगतात," पाहुणा म्हणाला, "की तो पडल्यामुळं लंगडा झाला नाही. ती गोष्ट याहून वाईट आहे. पुढच्या खेपेला सांगेन."

त्याची ऑर्डर पक्की झाली. तिच्यासाठी आक्कांनी मोठी नवी भट्टी बसवायला घेतली. भट्टी पहिल्यांदा पेटवायची ती नारळ फोडून, हळदकुंकू लावून. मग भट्टीवाला बटण दाबतो. त्याला आम्ही 'पहिला हात' म्हणतो. बाळूच्या पहिल्या हातानं आमच्याकडच्या किती भट्ट्या सुरू झाल्या असतील. या नव्या भट्टीची एकेक वीट चढताना तो बाजूला उभा असायचा, जणू घरच बांधतोय.

मुहूर्त ठरवायला आम्ही आक्कांच्या खोलीत जमलो. आक्का पंचांग बघत बघत सहज म्हणाल्या, "पहिला हात येका धडधाकट मानसाचा घ्या ह्या वक्ताला. नवी वस्तू हाय. अंगात व्यंग असलेलं मानूस म्होरं नगं. बाळू, तू जरा मागं ऱ्हा." आवाजात राग नव्हता. घरात मंगलकार्याला ज्या सहजतेनं बायका असलं बोलून जातात, तसं त्या बोलल्या.  दुसऱ्या दिवशी बाळू आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी मुरगूडला दोनदा जाऊन आलो. "पाय दुकतोय सायेब," एवढंच म्हणायचा. कारखानाभर बातमी झाली होती, पण आक्कांपुढं तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

मुहूर्ताच्या आधी पाहुणा परत आला. आल्या आल्या म्हणाला, "माझा हेपाय कुठाय?" मी म्हटलं, रजेवर आहे.

दुपारी कँटीनमध्ये सगळे एकत्र जेवायला बसलो. आक्कांना बाकावर बसवत नसे म्हणून त्यांची ऑफिसातली सागवानी, हातांची खुर्ची आणून ठेवली होती. पाहुण्यानं पांढरा रस्सा वाटीनं पिऊन संपवला आणि खुशीत येऊन आक्कांना म्हणाला, "तुमच्या भट्टीवाल्याला मी एक गोष्ट सांगायची कबूल केली होती. तो नाही, तर तुम्हाला सांगतो."

"सांगा की," आक्का म्हणाल्या.

तो सांगत गेला आणि मी मराठीत आणत गेलो. दुसऱ्या वाक्यालाच मी हातातला घास ताटात ठेवला. हेपाय जन्मतःच लंगडा होता. आणि हे बघून त्याच्या आईला लाज वाटली, म्हणून तिनं स्वतः त्याला डोंगरावरून खाली टाकून दिलं.

कँटीन माझ्या तोंडाकडं बघत होतं. 'आईनं' या शब्दाच्या जागी 'कुणीतरी' म्हटलं असतं तरी निभावून गेलं असतं. पाहुण्याला मराठी येत नव्हतं. पण मला बाळूचा थंड झालेला चहा आठवला आणि मी मोठ्यानं, भट्टीवरच्या आवाजात म्हणालो, "आईनं टाकलं. पाय अधू म्हणून."

 पाहुण्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो रंगून पुढं सांगत होता. पोराला समुद्रातल्या बायकांनी वाढवलं. तो मोठा कारागीर झाला. मग त्यानं आईला एक सोन्याची खुर्ची पाठवली. आई खुशीनं बसली, आणि खुर्चीनं तिला धरून ठेवलं. उठताच येईना. सगळे देव येऊन ओढून बघून गेले, पण तिला कुणालाच सोडवता आलं नाही.

माझं मराठी संपलं आणि सगळ्यांच्या नजरा एकदम एकीकडं गेल्या.

"माझ्या खुर्चीकडं काय बगतायसा रं?" आक्का कडाडल्या. पण त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "मग? सुटली का न्हाय ती बाई?"

पाहुणा म्हणाला, "सुटली. पण त्यासाठी त्याला परत आणावं लागलं. ती मोठी गोष्ट आहे."

आक्का दोन्ही हात टेकून उठल्या. "माळी, गाडी काढाय सांगा. ती मोठी गोष्ट मुरगुडात ऐकतो मी." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'येतो', 'जातो', 'ऐकतो'. त्या आवाजात बोलल्यावर पुढं कुणी काही म्हणत नाही.

बाळूच्या घराशेजारी वडिलोपार्जित लोहारशाळेचं छप्पर होतं. तिथं तो बसलेला, एका हातानं भाता ओढत, दुसऱ्या हातात सांडशीत धरलेलं खुरपं. गावातल्या शेतकऱ्यांचे विळे-खुरपी शेवटून, म्हणजे तापवून धार काढून, द्यायला लागला होता. पाहुणा गाडीतून उतरला आणि पुटपुटला, "लेम्नोस." त्याचं बेट त्याला मुरगुडात सापडलं होतं.

बाळूनं आक्कांना बघून भाता थांबवला. उठला नाही. बायकोला हाक मारून खुर्ची आणवली. आक्का म्हणाल्या, "खुर्ची नगं," आणि छपराच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.  बाळूच पाहुण्याला म्हणाला, "पावणं, गोष्ट अर्धी ऱ्हायली हुती तुमची."

मग ती गोष्ट, आईनं टाकलेल्या पोराची, मी पुन्हा पहिल्यापासून मराठीत आणली. बाळू विस्तवाकडं बघत ऐकत होता. शेवट असा होता की दारूचा देव त्याच्याकडं गेला, त्याला भरपूर पाजली आणि गाढवावर बसवून, वाजतगाजत डोंगरावर परत घेऊन आला. मग त्यानं आईला सोडवलं.

"गाढवावर?" बाळू एकदम म्हणाला. "वाजवत? म्हंजे धिंडच काढली की त्येची! न्हाय सायेब. आई सोडवायची ती सोडवा तुमची तुमी. आदी डोंगरावरनं ढकलायचं, मग दारू पाजून गाढवावरनं गावभर फिरवायचं. त्यापरीस बेटावरच बरा हुता त्यो."

मी पाहुण्याला सांगितलं तेव्हा तो गोंधळूनच गेला. त्यांच्याकडं ती देवाची मिरवणूक. जुन्या मातीच्या भांड्यांवर चित्रं आहेत म्हणे, देव गाढवावर, पुढं वाद्यं, सगळे आनंदात. त्यानं हातवारे करून करून सांगितलं की आमच्यात हा मान आहे. बाळूनं मान हलवली. "तुमच्यात आसंल. आमच्यात मान आनी धिंड येगळी आसतीया."

मग तो पहिल्यांदाच आक्कांकडं वळला. आवाज चढवला नाही, उलट एवढा उतरवला की मला पुढं वाकावं लागलं. "आक्का, त्यो देव आईच्या पोटातनं लंगडा आलता. मी न्हाय आलो. मी तुमच्या दारात दोन्ही पायांनी चालत आलतो. ह्यो पाय तुमच्या भट्टीनं घेतलाय. त्यो तुमच्या भट्टीला अपशकुनी कसा?"

कोळसे तडतडत होते.   आक्का बाळूच्या त्या वळलेल्या पायाकडं बघत होत्या. घरात तो अनवाणी होता, आणि मला वाटतं त्यांनी तो उघडा पाय त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला. "शुक्कारी भट्टी लावनार हाय," म्हणाल्या आणि काठी टेकत गाडीकडं गेल्या. बाळूनं येतो म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही.

शुक्रवारी सकाळी सगळा कारखाना नव्या भट्टीभोवती उभा होता. पहिला हात कुणाचा, हे आक्कांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी दहा वेळा गेटकडं बघितलं. मुहूर्त जवळ आला तेव्हा गर्दी बाजूला सरकली आणि बाळू एका बाजूला झुकत आत आला. अंगात स्वच्छ धुतलेला कामाचा ड्रेस, पायात बूट. गर्दीच्या कडेला, बाकीच्यांत उभा राहिला. म्हणजे तो बघायला आला होता. पुढं येण्याचा त्याचा बेत नव्हता.

आक्कांनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं. रस ओतायच्या बादलीला वाहिलं, सळईला वाहिलं. मग तबक घेऊन त्या गर्दीकडं चालत निघाल्या, मी सोबत. बाळूसमोर येऊन थांबल्या आणि एक हात माझ्या खांद्यावर रोवून खाली वाकायला लागल्या. त्यांचे गुडघे कसे आहेत ते आम्हाला माहीत होतं. त्या इतक्या जड हातानं माझ्यावर रेलल्या की मीच वाकलो.

बाळू घाबरून मागं सरकला. "आक्का, पाय नगं! मोठ्या मानसानं पाय नगं!"

"गप उभा ऱ्हा," आक्का खालूनच ओरडल्या. "भट्टीची पूजा चाललीया. मधी बोलू नगंस."

त्यांनी त्याच्या वळलेल्या पायाच्या बुटावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पाहुणा हेल्मेट काढून छातीशी धरून उभा होता, आणि मी त्याला या खेपेलाही काही म्हणालो नाही. आक्कांना दोघांनी धरून उभं केलं. बाळू बुटाकडं बघत राहिला. मग त्यानं भट्टीवाल्याचा निळा चष्मा खिशातून काढून डोळ्यांवर चढवला, म्हणजे आत काय चाललंय ते कुणाला दिसू नये, आणि पाय ओढत जाऊन बटण दाबलं.